दक्षिण दाराबाहेर

सव्वीस वर्षं मी सरकारी कचेरीत अभिलेख विभागात आहे. दुसऱ्यांनी दडवलेले कागद शोधून काढणं हे माझं काम. स्वतः कागद दडवण्याची वेळ माझ्यावर एकदाच आली, तीही देवाच्या दारात. त्या दिवसाची ही हकीकत आहे. देवाचा अनुभव मासिकाला लिहून पाठव, असं दोघीतिघींनी सांगितलं होतं, पण मी टाळत होते, कारण अशा लिखाणात शेवटी रोगी बरा होतो. माझा नवरा बरा झाला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी आशेवर वाचत बसायला नको.

आम्ही फरीदाबादला राहतो. सासर चौलचं. चौलच्या बंदराला दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या यवनांची गलबतं लागत. त्यांच्याबरोबर त्यांचा वैद्यदेव आला आणि त्याचं मूळचं अवघड नाव कोकणात झिजून झिजून आसकोबा झालं. हातात काठी, काठीला वेटोळं घातलेला साप, पायाशी कुत्रा. माझ्या माहेरी हा देव नव्हता. लग्न ठरलं तेव्हा वडील म्हणाले होते, "खंडोबापाशी कुत्रा, याच्यापाशीही कुत्रा. सोयरेच असतील, जा." मी गेले. वर्षातून एकदा नैवेद्य केला, दिल्लीकडे बदली झाल्यावर तोही विकतच्या डब्यातून आणला. याहून जास्त संबंध ठेवला नाही.

रोममध्ये त्या लोकांचे जुने देव आजही आपापल्या देवळांत नांदतात, हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडे आलेलेही नांदले. मुलीच्या नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात मात्र एक छोटी चौकट होती. एकेकाळी त्या साम्राज्यात वधस्तंभावर खिळे ठोकून मारलेल्या एका सुताराला देव मानणारा पंथ फोफावला होता, एक सम्राटसुद्धा त्यांच्याकडे झुकला, पण तो लढाई हरला आणि पंथ ओसरला. आता त्यांची थोडी घरं उरली आहेत, त्यातली बरीचशी केरळात. मुलगी चौकट वाचत होती तेव्हा मी म्हटलं होतं, "ही सोड, यावर प्रश्न येत नाही." हे मला पुढे पुष्कळदा आठवलं.

यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. श्रावणात कळलं, कार्तिकापर्यंत सगळं आटोपत आलं. औषधं झाली, सुया झाल्या, दोनदा भरती केलं. शेवटच्या वेळी तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून कागद हातात दिला. इंग्रजीत होता, पण इंग्रजीतली सरकारी भाषा मी रोज वाचते. त्याचा अर्थ एवढाच होता की घरी न्या, आता दिवसांचा प्रश्न आहे. मी कागदाच्या दोन प्रती काढल्या, एक फायलीत लावली. रडायला आलं नाही. त्या काळात मला फक्त हिशेबी कामं सुचत. पडद्यांचे हूक मोजले, औषधांची चिठ्ठी फ्रीजवर लावली, मुलीला बेंगळुरूहून निघायला सांगितलं.

हे मात्र अंथरुणावरून म्हणाले, "मला एकदा शेज घ्यायचीय."

शेज म्हणजे काय, हे आसकोबा नसलेल्या घरांसाठी सांगते. देवळात एक शेजघर असतं. रोग्यानं झऱ्याच्या पाण्यानं अंग पुसून तिथे जमिनीवर निजायचं. देव स्वप्नात येतो. जाग आली की पुजारी जवळ येऊन विचारतो, "काय पाहिलंत?" मग रोग्यानं पाहिलेलं सगळं सांगायचं. स्वप्नावरून पुजारी उपचार ठरवतो. पण त्या विचारण्याला फार महत्त्व आहे. कोणी विचारल्याशिवाय रोग्यानं आपणहून तोंड उघडायचं नाही. घरच्यांनी विचारायचं नाही आणि ऐकायचंही नाही. चाळीस पावलं लांब जायचं. आणि कोणीच विचारलं नाही, तर स्वप्न पोटातच राहतं आणि देव येऊन रिकाम्या हातानं परत गेला असं होतं. माझ्या सासूबाई याला फार भीत. त्यांच्या दिराचं तसं झालं होतं म्हणे.

दुसरा नियमही आहे. त्या देवळाच्या कुंपणाच्या आत कोणी जन्मत नाही आणि कोणी मरत नाही. दिवस भरलेली बाई आणि मरणाच्या वाटेवरचा माणूस, दोघांनाही आत घेत नाहीत. आत मरण आलं, तर झरा नऊ दिवस झाकतात आणि शेजघर बंद होतं.

हे मला माहीत होतं. यांनाही माहीत होतं.

मी म्हटलं, "अहो, ते आत घेणार नाहीत."

"विचारून तर बघ."

"कागद मागतात."

"तुझ्या हातून एक कागद गहाळ होत नाही? सव्वीस वर्षांत एकदाही नाही?"

"नाही."

"मग कर की एकदा. नवऱ्यासाठी." आणि हसले. हसताना त्यांच्या गळ्याची हाडं दिसत.

मी त्या देवळावर विश्वास ठेवून गेले नाही. कोणी मागितलेलं शेवटचं काम नाकारणं मला जमलं नाही, म्हणून गेले. फरीदाबादहून अरवलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आसकोबाचं मोठं देऊळ आहे. हिंदीत त्याला वैद्यदेव म्हणतात. कचेरीची पंधरवड्याची सुट्टी अमावास्येला होती, त्या दिवशी आम्ही टॅक्सी केली. बरं झाल्यावर बळी द्यायचा नवसाचा कोंबडा आधीच घेऊन जायची रीत आहे, म्हणून मी सकाळी बाजारातून तांबडा कोंबडा आणला होता. तो कापडी पिशवीतून डोकं बाहेर काढून वाटभर यांच्याकडे बघत होता.

"माझ्यापेक्षा टुणटुणीत आहे," हे म्हणाले. "देव गोंधळायचा, रोगी नक्की कोण."

ड्रायव्हर हसला नाही. त्यानं आरशातून यांचा पिवळा चेहरा पाहिला आणि काच थोडी खाली केली. बाहेरून धुराटलेली हवा आत आली. त्या दिवसांत आमच्याकडे सूर्य दुपारीही जुन्या नाण्यासारखा दिसतो.

दारावर एक बाई टेबल मांडून बसल्या होत्या. कोणाचीतरी पाळी रद्द झाली होती, म्हणून जागा मिळाली. छापील फॉर्म होता. नाव, वय, आजार, किती दिवस. शेवटचा प्रश्न होता, वैद्यांनी आशा सोडली आहे का. मी 'नाही' असं लिहिलं, खाली सही केली आणि तारीख घातली. तो डॉक्टरांचा कागद माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होता. अक्षर नेहमीसारखंच आलं. याचंच मला नंतर वाईट वाटलं.

शेजघर लांबलचक, थंड आणि अंधारं आहे. जमिनीवर ओळीनं पानिपतच्या करड्या घोंगड्या, प्रत्येक घोंगडीवर एक माणूस. मी मोजले, कारण मी मोजतेच. एक्केचाळीस. यांच्या उजवीकडे एक लहान मुलगी होती. तिच्या दोन्ही पायांना लोखंडी पट्ट्या होत्या आणि आई तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती. देवळातली कुत्री घोंगड्यांमधून हळू फिरत होती, कोणाचा हात चाटत होती. यांना मी पुसून घेतलं आणि निजवलं. मग रीतीप्रमाणे भिंतीशी जाऊन बसले.

दुपारी तासभर गाढ झोप लागली यांना. औषधांशिवाय इतकी झोप दोन महिन्यांत लागली नव्हती. मग एकदम जागे झाले. मी बघत होते. डोळे उघडले आणि ते कोणालातरी दारापर्यंत पोचवताना बघावं तसे बघत राहिले. मग मान माझ्याकडे वळवून म्हणाले, "आला होता."

मी बोट ओठांवर ठेवलं. "थांबा. पुजारी येतील."

पुजारी आले. साठीचे, दाढी कातरलेली, अंगावर पांढरं सुती. यांच्याजवळ बसले आणि तोंड उघडायच्या आधी त्यांनी नाडी धरली. बराच वेळ धरली. मग पापणी उघडून पाहिली, पोटावर हात ठेवला. यांनी आशेनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. प्रश्न आला नाही. पुजारी उठून माझ्याकडे आले.

"माताजी, कागज़ दिखाइए."

मी पर्स उघडली आणि कागद दिला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. त्यांनी तो वाचला, नीट घडी घालून परत केला.

"आपने झूठ लिखा."

"हाँ."

"कितनी देर है, आपको अंदाज़ा है?"

"दिन बोले थे."

"दिन नहीं. शाम." त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी हातानं ती ओळ दाखवली, पट्ट्या घातलेली मुलगी दाखवली. "यह बच्ची चार महीने से बारी की राह देख रही थी. इसकी नींद अभी लगी है. आपके पति यहाँ गए, तो इन सबको उठाकर घर भेजना पड़ेगा. बताइए, क्या करूँ?"

मी त्यांच्या जागी असते, तर हेच केलं असतं. असं मी त्यांना सांगितलंही. मग म्हटलं, "उनका सपना तो पूछ लीजिए. बस इतना."

त्यांनी मान हलवली. "पूछा, तो देवता ने मरीज़ ले लिया, ऐसा होता है. फिर बाहर नहीं भेज सकता. और भेजे बिना चारा नहीं है." मग म्हणाले, "मुझे माफ़ कीजिए."

देवळाला दक्षिणेकडे एक अरुंद दार आहे. ते या एकाच कामासाठी उघडतात. चार सेवेकऱ्यांनी यांना स्ट्रेचरवर घेतलं, दाराबाहेरच्या पायरीवर घोंगडीसकट ठेवलं आणि हात धुवायला आत गेले. दाराला आतून कडी लागली. मी रुग्णवाहिकेला फोन केला. महामार्गावर ट्रक उलटलाय, तास तरी लागेल, असं उत्तर आलं. पायरीवर आम्ही दोघं आणि पिशवीतला कोंबडा. समोर कच्चा रस्ता, गाड्या उभ्या करायची जागा, लांब किकराचं, म्हणजे बाभळीचं, एक झाड, एक पत्र्याची खोली. कुत्रीसुद्धा दाराच्या आतच राहिली होती.

हे शुद्धीत होते. वेदना होत असणारच, पण त्याबद्दल बोलत नव्हते. माझा हात धरून एवढंच म्हणाले, "कोणी विचारलं नाही गं."

"मी विचारू?"

"नको. तू विचारून चालत नाही." मग म्हणाले, "विसरायच्या आत कोणीतरी विचारायला हवं."

लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत या माणसानं माझ्याकडे फार काही मागितलं नव्हतं. आता जीव मागत नव्हता. वेळही मागत नव्हता. दोन शब्दांचा एक प्रश्न मागत होता आणि तो विचारायची मलाच मनाई होती. मी उठले. म्हटलं, सही घ्यायला जातात तसं जायचं. कोणीतरी देईलच.

पहिला भेटला तो गाड्या लावणारा माणूस. मी त्याला नीट समजावलं, की फक्त एवढं विचारायचं, 'क्या देखा', आणि ऐकायचं. त्यानं दक्षिण दाराकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकला. "ना जी ना. बाल-बच्चेदार आदमी हूँ." तिकडे समजूत अशी आहे, की बाहेर काढलेल्या माणसाचं स्वप्न ज्यानं विचारलं, त्याच्याकडे तो आजार येतो. हे मला तेव्हा कळलं. दुसरा चणे विकणारा होता. तो म्हणाला, "आंटी, आप पढ़ी-लिखी लगती हो, आप ही पूछ लो." तिसरं एक चांगलं कुटुंब होतं, गाडीतून उतरत होतं. नवरा थांबला, ऐकून घेतलं, त्याच्या तोंडावर खरंच दया दिसली. बायकोनं त्याच्या बाहीला धरलं आणि म्हणाली, "चलो, पापाजी अंदर वेट कर रहे हैं." ते गेले. मी त्यांना दोष देत नाही. वर्षभरापूर्वी मला कोणी असं अडवलं असतं, तर मीही पर्स छातीशी धरून पुढे गेले असते.

परत पायरीशी आले, तेव्हा यांच्या ओठांना कोरड पडली होती आणि माझ्याकडची बाटली संपली होती. मी उभ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा आसकोबाला बोलले. प्रार्थना नव्हती ती. मी म्हटलं, "तू आलास ना? मग आता विचारायला कोणीतरी पाठव. अर्धं काम करून जाऊ नकोस."

पत्र्याच्या खोलीचं दार उघडलं. त्या खोलीवरून मी सकाळी टॅक्सीतून गेले होते आणि मला ते पंक्चरचं दुकान वाटलं होतं. आतून एक बाई आली, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, ठेंगणी, सावळी, पांढऱ्या साडीला साधी किनार. हातात स्टीलचा तांब्या. तिनं मला काही विचारलं नाही. सरळ यांच्याजवळ बसली, मानेखाली हात घालून डोकं उचललं आणि थेंब थेंब पाणी पाजलं. डोकं कसं उचलायचं, हे तिला माहीत होतं. मग उरलेल्या पाण्यानं त्यांचं तोंड पुसलं.

"बहुत दर्द है?" तिनं यांना विचारलं.

यांनी मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, समजलं नाही.

तिचं नाव अन्नम्मा. केरळची, तीस वर्षं दिल्लीत नर्स होती, आता निवृत्त. पुस्तकातल्या त्या चौकटीतली. त्यांच्यातल्या काही जणी पाळीपाळीनं त्या खोलीत राहतात. दक्षिण दाराची कडी वाजली की बाहेर येतात. त्या दिवशी ती आणि तिची जोडीदारीण मागच्या दारानं विहिरीवर पाणी भरायला गेल्या होत्या, म्हणून उशीर झाला. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी एवढंच म्हटलं, "इनका सपना पूछना है. कोई पूछ नहीं रहा."

"क्या पूछना होता है?"

"बस इतना, कि क्या देखा. और पूरा सुनना. पर..." मला खोटं बोलायचं नव्हतं, त्या दिवसाचा कोटा संपला होता. "लोग कहते हैं, पूछनेवाले को बीमारी लगती है."

"तीस साल वॉर्ड में काम किया," ती म्हणाली. "लगनी होती, तो कब की लग जाती."

"और आपका देवता अलग है."

"हाँ, अलग है." ती जरा हसली. "उसको भी शहर के बाहर ही मारा था. वह बुरा नहीं मानेगा. आपका वाला मानेगा?"

"मानेगा, तो मैं देख लूँगी."

"आप उधर जाओ फिर."

मी किकराच्या झाडाकडे चालत गेले. पावलं मोजली. चाळीस झाल्यावर थांबले, झाडाला पाठ टेकली आणि वळून बघितलं. ऐकायचं नाही असा नियम आहे, बघायचं नाही असा नाही.

अन्नम्मा यांच्या तोंडाजवळ वाकली. तिचे ओठ हलले, तेवढेच दोन शब्द. आणि हे बोलायला लागले. इतके दिवस ज्या माणसाला पाणी मागताना दम लागत होता, तो माणूस बोलत होता. मधे थांबत होते, श्वास घेत होते, पुन्हा बोलत होते. एकदा हात वर करून काहीतरी केवढं होतं ते दाखवलं. एकदा हसले. मी त्यांना ओळखते, ते हसू चौलचं होतं. दिल्लीत ते वेगळं हसत. अन्नम्मा मान हलवत होती. तिनं एकदाही घड्याळ पाहिलं नाही, एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पाऊण तास झाला असेल किंवा दहा मिनिटं. मी, जी सगळं मोजते, तिनं हे मोजलं नाही.

मग तिनं हात वर केला. या, म्हणून.

मी पळत गेले. यांचा चेहरा मोकळा झाला होता. आजार होता तसाच होता, पिवळेपण तसंच होतं, पण एखादं ओझं जिन्यावर उतरवून ठेवल्यावर माणूस दिसतो तसे दिसत होते.

"झालं सांगून," मला म्हणाले. मग पिशवीकडे नजर गेली. "कोंबड्याला पाणी दाखव गं. सकाळपासून तसाच आहे."

तिथे पायरीवर आम्ही थांबलो नाही. अन्नम्मा आणि तिच्या खोलीतली आणखी एक जण, अशा दोघींनी आणि मी मिळून त्यांना घोंगडीसकट उचललं आणि पत्र्याच्या खोलीत खाटेवर निजवलं. खोलीत दोन खाटा, एक स्टोव्ह, भिंतीवर लाकडाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर आडव्याउभ्या ठोकलेल्या. यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यानंतर ते बोलले नाहीत. पुजारी म्हणाले होते तशी संध्याकाळही झाली नाही. ऊन कलायच्या आतच गेले. रुग्णवाहिका आली, तेव्हा अन्नम्मा त्यांचे पाय पुसत होती.

मुलगी तेव्हा विमानात होती. तिला बाबा भेटले नाहीत. त्या दगडी पायरीवर ठेवायला मी त्यांना घेऊन गेले नसते, घरीच ठेवलं असतं, तर कदाचित भेटले असते. ही गोष्ट माझ्या खात्यावर आहे आणि ती मी कोणा देवाच्या नावावर टाकत नाही. मुलीनं मला पहिले दोन महिने नीट फोन केला नाही. ते तिचं बरोबर होतं.

निघताना मी अन्नम्माला विचारायला नको होतं, पण विचारलं, "क्या बताया उन्होंने?"

ती म्हणाली, "मराठी में बोले. मुझे मराठी नहीं आती."

हे इतकी वर्षं बाहेर हिंदीच बोलत आले होते. बाजारात, बँकेत, डॉक्टरांकडे. आणि हे एक सांगायचं होतं, तेव्हा तोंडात मराठी आली. आणि ऐकणाऱ्या बाईला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं.

"आपने उनको रोका नहीं? हिंदी में बोलने को नहीं कहा?"

"वह इतने मन से बोल रहे थे. मैंने पूरा सुना," ती म्हणाली. मग म्हणाली, "एक शब्द बार-बार आया. वह मुझे याद है. बताऊँ?"

त्या क्षणी मला तो शब्द हवा होता. जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त हवा होता. एक शब्द मिळाला असता, तर बाकीचं स्वप्न मी त्याच्याभोवती जमवलं असतं. अर्धवट फायली मी अशाच जुळवते. चौल असेल, आई असेल, माझं नाव असेल. पण सकाळी मी एक नियम मोडला होता आणि एक्केचाळीस लोकांची शेज पणाला लावली होती. आणि हे म्हणाले होते, झालं सांगून. ज्याचं होतं त्यानं ते दिलं होतं. माझ्याकडे त्याची प्रत असायलाच हवी, असं कुठे होतं?

"नको," मी मराठीतच म्हटलं. ते तिला कळलं.

दिवस झाल्यावर मी देवळाच्या मुख्य दाराशी गेले. सुतक फिटलं होतं, तरी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले आणि पुजाऱ्यांना निरोप पाठवला. खोटं लिहिल्याबद्दल माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "किसी ने पूछा?"

मी म्हटलं, "पूछा."

त्यांनी दक्षिणेकडे तोंड केलं आणि पत्र्याच्या खोलीच्या दिशेनं हात जोडले. पट्ट्या घातलेल्या मुलीचं काय झालं, तेही मी विचारलं. तिची शेज पुरी झाली होती, स्वप्न सांगून झालं होतं. चालते की नाही, ते माहीत नाही, म्हणाले.

कोणी पाठवलं अन्नम्माला? आसकोबानं, की भिंतीवरच्या त्या दोन पट्ट्यांच्या देवानं, की ती विहिरीवरून आपोआपच परतली, यावर मी शेरा मारणार नाही. मला विचाराल, तर देवानं माझं ऐकलं असं मला वाटतं. कुठल्या, ते मी विचारत नाही. मागताना मीही नाव घेतलं नव्हतं. मी मात्र आजही आसकोबाचीच आहे. पूर्वी नव्हते तेवढी आहे. घरी रोज दिवा लावते, आणि यांच्या फोटोशेजारी तो डॉक्टरांचा कागद ठेवलेला आहे. दडवलेला नाही, समोर ठेवलेला आहे.

आता पंधरवड्याच्या सुट्टीला मी त्या खोलीत जाते. दक्षिण दाराची कडी वाजली, की एक जण तांब्या घेते आणि एक जण विचारते. पाणी पाजण्यात माझा हात अजून बसलेला नाही, म्हणून मी विचारते. मागच्या महिन्यात एक म्हातारे गृहस्थ होते, बिहारकडचे. ते कुठली बोली बोलत होते, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांचा मुलगा किकराच्या झाडापाशी उभा होता, माझ्यासारखाच, पाठ टेकून. आजोबा बोलत होते आणि मी ऐकत होते. आधी शब्द पकडायला गेले, मग सोडून दिले. सोडल्यावर ऐकू आलं. अर्थ नाही आला, पण माणूस आला. अन्नम्मानं काय ऐकलं असेल, ते मला त्या दिवशी समजलं, आणि मनातली ती एका शब्दाची टोचणी गेली. म्हातारबाबा बोलायचे थांबले, तेव्हा मी त्यांच्या मुलाला हात वर करून बोलावलं.

अन्नम्माला तो शब्द अजून आठवत असेल. तिनं पुन्हा विषय काढलेला नाही आणि मीही नाही.

कोंबडा तिथेच आहे. त्या लोकांच्यात बळी देत नाहीत आणि यांचा नवस फिटला की नाही, याचा निकाल लागलेला नाही, म्हणून तो खोलीमागच्या अंगणात मजेत फिरतो, चणेवाल्याच्या गाडीखाली जाऊन दाणे टिपतो. मी गेले की पर्स खुंटीला लावते, पदर खोचते, आणि दुसऱ्या कुठल्याही कामाला हात लावायच्या आधी त्याला पाणी दाखवते.